निर्मलचा मारुती समुद्रावर

आदिलाबादची माणसं तिरुपतीला जातात, हैदराबादला लग्नकार्याला जातात, कोणी फार हौशी असला तर काशीला जाऊन येतो. समुद्र मात्र राहूनच जातो. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि माझ्या आईने चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिला नव्हता. या मे महिन्यात आम्ही चौघं कोकणात जाऊन आलो. तेव्हापासून कचेरीत रोज कोणीतरी विचारतं, "क्या साब, कैसा रहा समुंदर?" आणि मी मोबाइल काढून फोटो दाखवतो. फोटो चांगले आले आहेत. मी लिहितो आहे ते त्या फोटोंत नाही.

गावाचं नाव लिहिणार नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचं एक छोटं बंदर, इतकं पुरे. त्या लोकांचं काही लपवायचं नाही, लपवायचं ते माझंच आहे.

जायच्या आधी

सहलीचा बेत माझ्या मुलीचा, प्राचीचा. ती हैदराबादला इंजिनिअरिंग शिकते. तिने मोबाइलवरच सगळं ठरवलं: समुद्राजवळचं एक घरगुती निवासस्थान आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्याच बायका घडवतात ती कोळीवाड्याची पायी फेरी. जुनं बंदर, जकातीचं पडकं ठाणं, होड्या बांधायची जागा, मासे वाळवायचे मांडव, असं सगळं चालत फिरून दाखवतात. माझी बायको सुषमा तेलुगू शाळेत शिकवते; तिला असल्या गोष्टींची आवड. मला बारा दिवसांची रजा मिळत होती. आई नको म्हणेल असं वाटलं होतं, पण ती लगेच तयार झाली, कारण तिच्या डोक्यात मारुती होता.

हा मारुती लाकडी. माझ्या बारशाच्या आधी बाबांनी निर्मलहून, लाकडी खेळण्यांच्या त्या गावाहून, आणलेला, वीतभर उंच, हातात घेतला तर वजन लागू नये इतका हलका. भीमपूरकडच्या आमच्या घरात तो सत्तेचाळीस वर्षं पुजला गेला. गेल्या वर्षी आईला आदिलाबादच्या फ्लॅटमध्ये आणलं तेव्हा सामान हलवताना त्याचा गदेचा हात मोडला. मोडलेला देव पूजेत ठेवत नाहीत, वाहत्या पाण्यात देतात. पण मे महिन्यात आमच्या पेनगंगेत वाळूच जास्त, जागोजाग डबकी. त्या डबक्यात मारुती द्यायला आई तयार नव्हती.

"साऱ्या नद्या समुद्रातच जातेत ना?" ती म्हणाली. "मंग मारुतीले तिथंच नेऊ."

प्राचीने तिला समजावलं की पेनगंगा गोदावरीतून पलीकडच्या समुद्राला जाते, आपण चाललो ते अलीकडच्या.

"पानी पानीच असते बाई," आई म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमच्या नदीकाठी काठावरून देव टाकत नाहीत. आधी होडीवाल्या भोयाकडे जायचं, हात जोडून विचारायचं, "दादा, देव न्याचा हाय, नेशील का?" तो विचारतो, कोणता देव, किती वर्षं घरात होता. मग होडग्यातून मधल्या डोहापर्यंत नेऊन सोडतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. त्याला भाकर बांधून द्यायची. तोपर्यंत घरातल्या मोठ्या बाईने जेवायचं नाही. लहानपणी मी हे दोन-तीनदा पाहिलंय. त्यामुळे आईने पिशवीत मारुतीसोबत ज्वारीचं पीठ बांधून घेतलं तेव्हा ते कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही.

पहिला दिवस

मुंबईपर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुपारी पोचलो. घाट उतरून एका वळणावर झाडांमधून एकदम समुद्र दिसला. आईने खिडकीतून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एवढं पानी, अन् कोनाच्या वावरात नाई जाऊन राह्यलं." कापसाला दोन पाण्यांसाठी जन्मभर आभाळाकडे पाहिलेली बाई, तिला दुसरं काय दिसणार?

जेवायला तांदळाची भाकरी होती, पांढरी आणि मऊ. आमच्या ज्वारीच्या भाकरीसारखी तिला दाताखाली ओढ नाही. माझ्या ताटात तळलेला मासा. आमच्याकडे नदीचा मासा मसाल्यात बुडवूनच शिजवतात, इथे मीठ-तिखट लावून तव्यावर टाकतात आणि माशाची स्वतःची चव लागते. सोलकढीचा पेला आईसमोर ठेवला तर तिने वास घेऊन विचारलं, "हे लाल ताक कायचं हाय?" आमच्या शेजारच्या टेबलावर ठाण्याचं एक निवृत्त जोडपं होतं, तेही उद्याच्या फेरीला येणार होते. ते दोघं हसले. वाईट हसणं नव्हतं ते, पण मला कसंनुसं झालं.

मग त्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"आदिलाबाद. तेलंगणात."

"तेलंगणात? मराठी मात्र छान बोलता हो."

मी खूश झालो. पुस्तकातली मराठी मी जपून बोलत होतो, 'आमी' 'तुमी' दाताखाली दाबून धरत होतो. आई पुन्हा काही बोलायच्या आत मी तिच्या खोलीचं दार उघडून दिलं. त्या माणसाला मी शहरी वाटावं याची मला एवढी गरज का होती, ते मला आजही सांगता येत नाही.

आई त्या दुपारी जेवली नाही. मारुती पोचल्याशिवाय ती जेवणार नव्हती. चार वाजता तिने घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात शिरून ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या, सोबत आणलेली जवसाची चटणी घातली आणि फडक्यात बांधून मारुतीसकट माझ्या हातात दिल्या.

"इथल्या कोळ्याले पुस. तो नेते म्हनला तरच दे. नाई म्हनला तर परत आन, आपन पेनगंगेच्या पुराची वाट पाहू."

मी येते तुझ्यासोबत असं ती म्हणाली नाही, कारण गुडघे. आणि तिचा माझ्यावर भरवसा होता.

मी बंदरावर गेलो. पाच-सहा माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. त्यांच्यापाशी जायला पन्नास पावलंही नव्हती. पण तिथेच ते ठाण्याचे गृहस्थ कॅमेरा घेऊन उभे, आणि मला पाहून म्हणाले, "या, या! फेरी घडवणाऱ्या बायकांचा मेसेज वाचलात ना? समुद्रात निर्माल्य, मूर्ती टाकू नका म्हणून. लोकांना हे सांगावं लागतं, कमाल आहे." मी मान डोलावली. माझ्या काखेत फडक्यात मारुती होता.

मी तिथून पुढे निघालो, खडकांच्या पलीकडे जिथे कोणी नव्हतं तिथवर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरलो आणि अंगात होतं तेवढ्या जोराने मारुती फेकला. तो दोन लाटांवर वरखाली होताना दिसला. पुढे पाहत थांबलो नाही. आता भाकरी उरल्या. त्या परत नेता येत नव्हत्या. खडकाआड बसून मी दोन्ही भाकरी खाल्ल्या. खोटं वाटेल, पण त्या सबंध दिवसात सगळ्यात चवीचं मी तेच खाल्लं.

परतलो तर आई ओसरीवरच बसली होती.

"पुसलं?"

"विचारलं."

"काय नाव त्याचं?"

"गणपत," मी म्हणालो.

"भाकर घेतली त्यानं?"

"घेतली. नमस्कार सांगितलाय तुला."

हा नमस्कार मी कुठून काढला, देव जाणे. आईने पश्चिमेकडे हात जोडले आणि मग ती जेवायला बसली. सुषमाने माझी भिजलेली पँट दोरीवर वाळत घातली.

दुसरा दिवस

फेरी सकाळी सातला सुरू झाली. आम्ही नऊ जण होतो. वाट दाखवणारी वैशालीताई चाळिशीची, नऊवारीवर पायात बूट, बोलायला खणखणीत. तिने जकातीचं ठाणं दाखवलं, जिथे एकेकाळी गलबतांचा माल उतरायचा आणि आता भिंतीतून वड उगवला आहे. गोड्या पाण्याची विहीर दाखवली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही खारी न झालेली. त्या विहिरीचं पाणी आईने पिऊन पाहिलं आणि आपल्या गावच्या विहिरीपेक्षा चांगलं असल्याचं कबूल केलं. तिच्याकडून ही फार मोठी कबुली. बोंबील वाळवायचे मांडव पाहताना आई म्हणाली, "आपन मिरच्या वाळवतो तसंच हाय." वासाचं मात्र तसं नव्हतं, प्राचीने नाकाला ओढणी लावली.

मला बरं वाटत होतं. कालचं मनातून जवळजवळ गेलंच होतं.

मग आम्ही होड्या बांधायच्या जागेजवळच्या देवळापाशी आलो. छोटंसं कौलारू देऊळ, समोर ओटा. ओट्याखाली सात-आठ बायका गप्प बसलेल्या. सकाळी साडेआठची वेळ, पण एकीच्याही हातात काम नव्हतं. आणि ओट्यावर, ओल्या पंच्यावर, आमचा मारुती.

त्याचा शेंदरी रंग बराच गेला होता, शेपटीला शेवाळाची दोरी गुंडाळलेली. मोडका हात तसाच.

वैशालीताईंचा आवाज खाली आला. "आज फेरी थोडी लवकर आटोपते, माफ करा. पहाटे सासऱ्यांना हा भरतीच्या रेषेवर मिळाला. आमच्या बोटींत देव असतो. लाकडी देव किनाऱ्याला लागला की आम्ही आधी बोटी मोजतो. आमच्या दोन बोटी चार दिवस बाहेर आहेत, आणि तेवढ्या लांब फोन लागत नाही. आसपासच्या बंदरांना विचारणं चाललंय, त्यांच्या कोणाचा आहे का. कळेपर्यंत या घरांत चूल पेटत नाही."

तेव्हा मला कळलं की त्या बायका कशासाठी बसल्या होत्या. एक अगदी तरुण होती, मांडीवर झोपलेलं पोर. ती मारुतीकडे पाहत होती, नजर न हलवता.

मला एवढंच म्हणायचं होतं: आमचा आहे. दोन शब्द. कोणाची बोट बुडालेली नाही, तुम्ही उठा, चहा ठेवा. माझ्या तोंडात ते शब्द आले होते. आणि तेवढ्यात ते ठाण्याचे गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, "हा बोटीतला नसेल हो. कोणीतरी टाकलेला दिसतोय. लोकांना अक्कल नसते." आणि त्यांनी दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "कोण जाणे."

हे मी त्या मुलीपासून चार हातांवर उभं राहून म्हणालो.

आई माझ्या मागे होती. तिने मारुती ओळखला होता, हे मला तिच्याकडे न बघता कळलं. ती क्षणभर थांबली, माझ्यासाठी थांबली, आता मला तसं वाटतं. मग सुषमाचा हात धरून पुढे गेली आणि त्या बायकांसमोर हात जोडून उभी राहिली.

"बाई, तो कोनाच्या नावेचा नाई. तो आमचा घरचा मारुती हाय. म्या टाकला काल. मले रीत ठाऊक नव्हती."

आधी कोणाला नीट समजलं नाही. वैशालीताईंनी दोनदा विचारलं, "नक्की तुमचा?" आईने खूण सांगितली: पाठीवर खिळ्याने कोरलेलं स्वस्तिक, तिने स्वतः कोरलेलं. मारुती उलटा केला, स्वस्तिक होतं. ती तरुण मुलगी पोराला छातीशी धरून ढसाढसा रडायला लागली. एक म्हातारी बाई उठली आणि आईवर तोंड सोडलं तिने. आमचा जीव पहाटेपासून टांगणीला लावलास, एवढी केसं पांढरी झाली आणि कळत नाही, कुठून येता तुम्ही लोक. आईने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, "आजी, काय हे!"

आणि प्राची, माझी मुलगी, शरमेने लालबुंद होऊन म्हणाली, "आजी, तुला मी मेसेज वाचून दाखवला होता ना? तू असं कसं केलंस? आणि कोणाला न विचारता?"

"चुकलं बाई," आई म्हणाली.

मी तिथेच होतो. माझं वय, माझी नोकरी, माझी छान मराठी, सगळं घेऊन तिथेच उभा होतो. कोणी माझं तोंड धरून ठेवलं नव्हतं. सुषमा माझ्याकडे पाहत होती. तिला दोरीवरच्या पँटवरून आदल्या दिवशीच कळलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. "तुम्ही बोलाल म्हणून मी गप्प राहिले," ती म्हणाली.

दुपारी बाकीचे झोपले तेव्हा मी आईच्या खोलीत गेलो. ती उशीला टेकून बसली होती. मी म्हणालो, "आई, मी कोणालाच विचारलं नव्हतं."

"ठाऊक हाय. तू गनपत म्हनला तवाच ठाऊक झालं. एवढ्या झटक्यात तुले शेजाऱ्याचं नाव आठवत नाई." मग तिने विचारलं, "भाकरी कोनी खाल्ल्या?"

"मीच."

"बरं झालं," ती म्हणाली. "वाया नाई गेल्या."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, मी जाऊन सांगतो सगळ्यांना, त्या बायकांना, प्राचीला. तिने माझा हात धरला. "बायकायचा जीव भांड्यात पडला, झालं. आता कोनी टाकला याले काय करतेत त्या? अन् प्राचीले तर नकोच सांगू. तिचा बाप हायेस तू. म्हातारीचं काय, म्हातारी चुकतेच."

तिसरा दिवस

दोन्ही बोटी आदल्या संध्याकाळीच परतल्या. सकाळी आई परत मिळालेला मारुती पदरात घेऊन एकटीच वैशालीताईंच्या घरी चालत गेली, गुडघे धरून, आमच्यापैकी कोणालाही न उठवता. मी उठलो आणि मागोमाग गेलो, पण कुंपणाशीच थांबलो.

अंगणात वैशालीताईंचे सासरे बसले होते, आईच्याच वयाचे. आईने हात जोडले. "दादा, देव न्याचा हाय. न्याल का?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "कंचा देव?"

"मारुती."

"किती वर्सं घरात व्हता?"

"सत्तेचाळीस."

आमच्या भोयाचे प्रश्न, जसेच्या तसे. समुद्रकाठच्या या माणसाने आमची पेनगंगा पाहिलेली नाही. बहुधा पाण्यावर जगणाऱ्या कोणालाही हेच विचारावंसं वाटत असेल. मी परवा पन्नास पावलं चाललो असतो तर मलाही त्याने हेच विचारलं असतं, एवढंच. हसला नसता तो.

म्हातारा उठला. आईला त्याने होडीत बसवलं, सुनेने तिला धरलं. मी पुढे झालो तसा तो म्हणाला, "जागा नाय." जागा होती. मी मागे सरलो.

होडी खडकांच्या बाहेर गेली, मग आणखी बाहेर, ओहोटीच्या पाण्यासोबत. आई पाठमोरी, डोक्यावरचा पदर वाऱ्याने फुगलेला. परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते आणि तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. खारं पाणी तोंडावर उडाल्याचं ती दिवसभर सांगत होती. काल तिच्यावर ओरडलेल्या म्हातारीने तिला सुकटीची पुडी बांधून दिली. आई मासे खात नाही, तरी तिने ती डोक्याला लावून घेतली.

आदिलाबाद

परत येऊन महिना झाला. प्राची सुट्टीत घरीच होती, आणि भीमपूरकडचे पाहुणे आले की ती समुद्राची गोष्ट रंगवून सांगायची. लाल ताक, बोंबलांचा वास, आणि शेवटी हमखास आजीने न विचारता समुद्रात टाकलेला मारुती आणि आजीवर ओरडलेली कोळीण. चांगली नक्कल करते ती. पाहुणे पोट धरून हसायचे. आईही पदर तोंडाला लावून हसायची, आणि हसता हसता माझ्याकडे बघून मान किंचित हलवायची: नको सांगू. मी चिवड्याची ताटली पुढे करायचो.

परवा प्राची हैदराबादला परत गेली. निघताना आजीच्या पाया पडली आणि गमतीने म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी विचारल्याशिवाय काही टाकू नकोस." आई म्हणाली, "नाई टाकत बाई."

हे लिहून काढलं आहे ते प्राचीला आधी पाठवणार आहे, मग बाकीच्यांनी वाचावं. आईला वाचता येत नाही. तिला मीच वाचून दाखवीन, आणि ती माझ्यावर रागावेल, या वेळी तरी रागावेल. प्राची, तुझ्या आजीने तिथे काही टाकलं नव्हतं. तू तिला त्या बायकांसमोर जे बोललीस, ते मला बोलायचं होतंस. मी तुझ्या शेजारीच उभा होतो.